खिडकीतला हिशेब: 'रिअर विंडो'च्या प्रकल्प नोंदी

२ जुलै

विषय एकदाचा ठरला. रहस्यपटातली तंत्रं आणि या प्रकाराचे ठरलेले संकेत, एकाच चित्रपटाच्या आधारे. चित्रपट आल्फ्रेड हिचकॉकचा 'रिअर विंडो', १९५४चा, ११२ मिनिटांचा. निवडीमागे खरं कारण आळस होतं. एकच खोली, एकच अंगण, पाय प्लास्टरमध्ये घालून खुर्चीत बसलेला नायक. म्हटलं, धावपळ नाही, पाठलाग नाही, शॉट मोजायला सोपं जाईल.

कथा नोंदीपुरती लिहून ठेवते. जेफ हा वृत्तछायाचित्रकार पाय मोडून घरी अडकलाय. उकाड्याचे दिवस, समोरच्या सगळ्या खिडक्या उघड्या. वेळ घालवायला तो शेजाऱ्यांकडे बघत बसतो आणि थॉरवॉल्ड नावाच्या विक्रेत्याने आपल्या आजारी बायकोचा खून केला, असा त्याला संशय येतो. मैत्रीण लिसा आणि मालिशला येणारी परिचारिका स्टेला आधी हसतात, मग त्याच्यापेक्षा जास्त गुंततात. मित्र डॉइल पोलिसात आहे, तो शेवटपर्यंत मानत नाही. भूमिका जेम्स स्ट्युअर्ट (जेफ), ग्रेस केली (लिसा), थेल्मा रिटर (स्टेला), रेमंड बर (थॉरवॉल्ड) आणि वेंडेल कोरी (डॉइल) यांच्या. मूळ कथा कॉर्नेल वुलरिचची, १९४२ची. तिच्यात लिसा नाहीच. पटकथा लिहिताना जॉन मायकेल हेजने ती आणली. (हे महत्त्वाचं ठरेल असं वाटतंय, का ते अजून सांगता येत नाही.)

पुढच्या नोंदींमध्ये शेवट फोडलेला असेल. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनी आधी तो पाहावा.

५ जुलै

तक्ता आखला. रकाने: वेळ, शॉटचा आकार, कॅमेऱ्याची हालचाल, प्रकाश, आवाज, कोणाची नजर. पहिली चाळीस मिनिटं थांबवत थांबवत पाहायला अख्खा दिवस गेला.

'कोणाची नजर' या रकान्याने डोकं खाल्लं. जेफ बघतो, कट, समोरची खिडकी, कट, पुन्हा जेफचा चेहरा. इथवर ठीक. पण मधल्या शॉटमध्ये कॅमेरा एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर सरकतो तेव्हा तो एक शॉट धरायचा की दोन नजरा? आणि जेफ खोलीतल्या माणसाशी बोलत असताना त्याच्या खांद्यामागे अंगण दिसतं, ते कोणी पाहिलं? तीन वेळा मोजलं, तीन वेगळे आकडे आले. आकडे अहवालात टाकणार नाही. लोकांना आकड्यांचा उगाच धाक वाटतो.

९ जुलै

मॅडमना तक्ता दाखवला. त्यांनी दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "छान वाणसामानाची यादी केलीस. स्वयंपाक कधी?" क्लोज-अप म्हणजे तणाव, वरून घेतलेला शॉट म्हणजे असहायता, काळोख म्हणजे धोका, असली समीकरणं मी समासात लिहून ठेवली होती. त्यांनी ती सगळी एका रेघेत खोडली. त्यांचं म्हणणं असं की हाच क्लोज-अप प्रेमपटातही असतो, तिथे त्याने घाम फुटत नाही. मग इथेच का फुटतो?

बॉम्बचा दाखला त्यांनी काढला. तो मला माहीत होता, तरी पुन्हा ऐकावा असाच आहे. १९६२मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोने हिचकॉकची दीर्घ मुलाखत घेतली, पुस्तक १९६६ला आलं. त्यात हिचकॉक सांगतो: टेबलाभोवती माणसं गप्पा मारतायत, टेबलाखाली बॉम्ब आहे, प्रेक्षकाला ठाऊक नाही. बॉम्ब फुटला की प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब आधी दाखवा, फुटायची वेळ सांगा, भिंतीवर घड्याळ ठेवा. आता त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटं उत्कंठा देतात, कारण प्रेक्षक मनातल्या मनात ओरडत असतो की अरे, उठा तिथून.

"तर मग तुझ्या तक्त्यात बॉम्ब कुठल्या रकान्यात येतो?" मॅडमनी विचारलं. कुठल्याच नाही.

घरी येऊन नवा रकाना जोडला: कोणाला काय ठाऊक. त्याखाली चार उपरकाने. प्रेक्षक, जेफ, जेफच्या बाजूची माणसं, थॉरवॉल्ड. जमाखर्चाच्या वहीसारखं. बाकीची तंत्रं या हिशेबात काय भर घालतात तेवढंच बघायचं.

१२ जुलै

नव्या रकान्यासह पहिल्यापासून सुरुवात. नामावलीमागे बांबूचे पडदे एकेक करून वर जातात, नाटकाचा पडदा उघडावा तसे. कॅमेरा खिडकीतून बाहेर डोकावतो, पायऱ्यांवरून जाणाऱ्या मांजरीमागे सरकतो, अंगणाला फेरी मारून परत येतो. जेफच्या कपाळावर घाम, थर्मामीटरचा पारा नव्वदीच्या पुढे (फॅरनहाइटमध्ये). पुन्हा अंगण. मग प्लास्टर, त्यावर लिहिलेली थट्टा, मोडका कॅमेरा, शर्यतीतल्या गाडीच्या अपघाताचा फोटो, एका स्त्रीच्या चेहऱ्याची निगेटिव्ह आणि शेवटी मासिकांचा गठ्ठा.

एक शब्द न बोलता माणसाचा पेशा, अपघात, स्वभाव, हवामान आणि प्रेमप्रकरणाची चाहूल एवढं सगळं कळलं. पटकथेच्या वर्गात 'सांगू नका, दाखवा' असं म्हणतात ते हेच असावं.

तक्ता, ओळ १. नजर: जेफ (खिडकी त्याची). ठाऊक: सगळ्यांना सारखंच.

१३ जुलै

स्ट्युअर्टच्या चेहऱ्यावर एक दिवस घालवला. माणूस जवळजवळ काहीच करत नाही. भुवई, ओठांचा कोपरा, मान थोडी पुढे. तरी आपण शपथेवर सांगू की आता त्याला कीव आली, आता तो चेकाळला, आता घाबरला.

कुलेशोव परिणाम म्हणतात तो हाच. दिग्दर्शक लेव्ह कुलेशोवने रशियात १९२०च्या आसपास एका नटाचा भावशून्य चेहरा वेगवेगळ्या चित्रांशी जोडला. एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक तर कधी शोक दिसला. हिचकॉक मुलाखतीत याच चित्रपटातलं उदाहरण देतो: स्ट्युअर्ट बघतो, टोपलीतून कुत्रं खाली सोडलं जातंय, स्ट्युअर्ट हसतो. भला माणूस. आता कुत्र्याच्या जागी अर्धवट कपड्यांत व्यायाम करणारी मुलगी लावा आणि हसू तेच ठेवा. लोचट म्हातारा!

यावरून सुचलं ते असं की संकलक जॉर्ज टोमासिनीचे कट जेफचं मन उघडतच नाहीत. ते आपलं मन जेफच्या चेहऱ्यावर चिकटवतात. खुनाचा संशयही आधी आपल्या डोक्यात शिजतो आणि मग आपण तो त्याच्या चेहऱ्यात वाचतो. म्हणजे 'जेफला काय ठाऊक' हा रकाना मी भरतेय, तोच मुळात अंदाजपंचे.

१८ जुलै

पावसाची रात्र. प्रकल्पाची कंबर इथेच मोडली आणि इथेच प्रकल्प उभाही राहिला, म्हणून सविस्तर.

लिसा भांडून जाते. अंधारात कुठेतरी काच फुटते, बाई ओरडते. कुठल्या खिडकीतून ते कळत नाही. मग पाऊस. उकाड्यामुळे बाहेरच्या लोखंडी जिन्यावर गादी टाकून झोपणारं जोडपं धांदलीने गादीसकट आत घुसतं. हशा. त्या हशाच्या आडून थॉरवॉल्ड नमुन्यांची पेटी घेऊन भर पावसात बाहेर पडतो. जेफ घड्याळ बघतो. थॉरवॉल्ड परततो. पुन्हा जातो. मधूनमधून पडदा पूर्ण काळा होतो, म्हणजे जेफला डुलकी लागली, वेळ गेला. प्रत्येक काळोखानंतर आपण मनाशी हिशेब करतो की मधे काय निसटलं असेल.

आता खरी गोष्ट. पहाटेच्या सुमारास जेफ गाढ झोपतो. कॅमेरा झोपत नाही. तो हळूच सरकतो, आणि समोरच्या दारातून थॉरवॉल्ड काळ्या कपड्यांतल्या एका बाईसोबत बाहेर पडताना दिसतो. मग काळोख.

ही बाई फक्त आपण पाहिली. जेफने नाही.

बॉम्बच्या नियमाने प्रेक्षकाला नायकापेक्षा जास्त ठाऊक झालं की प्रेक्षकाला नायकाची काळजी वाटायला हवी. इथे उलटंच होतं. आपल्याला नायकाचा संशय येऊ लागतो. तो दुसऱ्या दिवशी करवत, सुरा, दोराने बांधलेली ट्रंक बघून बायकोचे तुकडे झाले म्हणून सांगत सुटतो आणि आपण मनातून म्हणतो, बाबा रे, ती तर पहाटे चालत गेली. डॉइल येऊन सांगतो की नवराबायको पहाटे बाहेर पडले, बघणारे साक्षीदार आहेत, तेव्हा आपण गुपचूप डॉइलच्या बाजूचे असतो. कारण आपणही साक्षीदार आहोत! त्या शॉटने आपल्याला पोलिसाच्या रांगेत नेऊन उभं केलं आणि जेफ एकटा पडला.

आणि ती बाई बायको नव्हतीच.

दिसलं ते खरं होतं, अर्थ आपण चुकीचा लावला. रहस्यपटातला चकवा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे खोटा पुरावा येतो, नाहीतर खोटं बोलणारं पात्र, किंवा भलत्याच माणसावर रोखलेला दिवा. हिचकॉकने आपल्याशी एक अक्षरही खोटं बोललेलं नाही. त्याने आपल्याला उलट जास्तीची माहिती दिली, फुकट, कोणी मागितली नसताना. फुकटची माहिती नाकारायची कोणाला सुचत नाही.

मी आधी लिहिलेलं 'कॅमेरा जेफच्या नजरेला बांधलेला आहे' हे प्रकरणाचं शीर्षक बाद.

२० जुलै

तक्त्याची संगणकातली प्रत बिघडली, आधीची कागदावर होती म्हणून वाचले. दोन दिवस उतरवण्यात.

२३ जुलै

आवाजाचं काम प्रकल्पातल्या माझ्या जोडीदाराकडे होतं. त्याने पडद्यावर टॉवेल टाकून अख्खा चित्रपट नुसता ऐकला. मला वेडेपणा वाटला होता. त्याने काढलेल्या नोंदी माझ्यापेक्षा सरस आहेत, हे इथे लिहून ठेवते, त्याला सांगणार नाही.

नामावलीत फ्रान्झ वॅक्समनचं संगीत आहे. पण गोष्ट सुरू झाली की पडद्याबाहेरून येणारं पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. जे ऐकू येतं ते अंगणातून येतं: रेडिओ, रस्त्यावरची पोरं, गाड्या आणि समोरच्या संगीतकाराचा पियानो. खुनी दिसला म्हणून व्हायोलिनं किंचाळत नाहीत. थॉरवॉल्ड पेटी आवरत असतो आणि शेजारी कुठेतरी नाचगाण्याची तबकडी वाजत असते. भीती कधी वाटायची हे संगीत सांगणार नाही, ते आपलं आपण ठरवायचं. जोडीदाराचा शब्द: "बेवारस भीती."

दुसरं निरीक्षण अंतराचं. समोरची माणसं बोलतात ते पुसट, अर्धवट येतं. नवराबायकोचं भांडण आपल्याला हातवाऱ्यांवरून कळतं. चित्र दुर्बिणीने आणि लांब भिंगाने जवळ आणता येतं. आवाज जवळ आणायचं यंत्र जेफकडे नाही. डोळ्यांना भरपूर आणि कानांना तुटपुंजं मिळतं, आणि मधली फट कल्पनेने भरावी लागते. खून त्या फटीत घडतो.

संगीतकार चित्रपटभर एक चाल जुळवत असतो. अडते, सुटते, पुन्हा अडते. हिचकॉक स्वतः क्षणभर दिसतो तो त्याच्याच खोलीत, घड्याळाला किल्ली देताना. ती चाल शेवटी पूर्ण होते. तिचं काम पुढच्या एका नोंदीत येईल.

(थोडं विषयांतर. आपल्या हिंदी रहस्यपटांत गाणं हा संकेतच होता. उत्कंठा ताणायची आणि गाण्यात थोडी सैल सोडायची. म्हणूनच 'कानून' (१९६०) आणि 'इत्तेफाक' (१९६९) यांत गाणी नाहीत हे त्यांचं वेगळेपण म्हणून अजून सांगितलं जातं. 'रिअर विंडो'त गाणं आहे, पण ते कोणी गोष्ट थांबवून गात नाही. ते शेजारी राहतं.)

२९ जुलै

नेपथ्य. सगळं अंगण पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभारलेलं होतं, ३१ घरांचं. उंची पुरेना म्हणून स्टुडिओची जमीन काढली आणि तळघराच्या पातळीवर अंगण केलं. म्हणजे जेफचा मजला स्टुडिओच्या मूळ जमिनीच्या आसपास येतो. समोरच्या घरांतल्या नटांना कानात लपवलेल्या यंत्रातून सूचना दिल्या जात, कारण दिग्दर्शक आणि कॅमेरा दोघंही इकडे, जेफच्या खोलीत.

हे वाचल्यावर छायालेखक रॉबर्ट बर्क्सचं काम नव्याने दिसलं. प्रत्येक खिडकी ही चौकटीतली चौकट. थॉरवॉल्डचं घर तर शेजारी शेजारी लावलेल्या चित्रांच्या पट्टीसारखं आहे. तो बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत जातो तेव्हा मधे भिंतीमागे दिसेनासा होतो आणि पुढच्या चौकटीत उगवतो. कट न करताच कट. त्या विटांच्या भिंतीमागे तो किती वेळ राहतो याकडे आपण श्वास धरून बघत असतो. लपवायला काळोख लागतो असं मी समजत होते. इथे भर उजेडात चार विटांनी काम भागतं.

शेजाऱ्यांचं एकेक घर म्हणजे लग्नाच्या विषयावरची एकेक छोटी गोष्ट आहे: नवं जोडपं, एकाकी बाई, नर्तकी, कुत्रा पाळणारं प्रौढ जोडपं आणि एकमेकांना विटलेले थॉरवॉल्ड पतिपत्नी. जेफला लिसाशी लग्न करायचं नाही. समोर बघतो तेव्हा तो आपल्याच प्रश्नाची उत्तरं बघत असतो. मूळ कथेत नसलेली लिसा का आणली, ते आता कळतं.

३ ऑगस्ट

संकेतांचं प्रकरण. मला वाटलं होतं हे सगळ्यात मोठं होईल. दोन पानांत संपलं.

रहस्यपटाला नेहमी लागणारी माणसं सगळी आहेत. अपंग किंवा अडकलेला नायक, विश्वास न ठेवणारा पोलीस, जास्त धीट निघणारी स्त्री, विनोद करणारं दुय्यम पात्र. नेहमीच्या वस्तूही: अंगठी, पेटी, ट्रंक, जमिनीत पुरलेलं काहीतरी. नेहमीच्या घटनाही: पुरावा हाती येता येता निसटतो, सगळं शांत झाल्यासारखं वाटतं आणि मग तडाखा. यात वेगळं काय ते शोधण्यात वेळ घालवणं व्यर्थ. संकेत पाळलेत म्हणून तर आपण बेसावध असतो.

एक संकेत मात्र अनोखा पाळलाय. खून दाखवलाच नाही. मृतदेह नाही, रक्त नाही. त्या काळच्या अमेरिकी चित्रपटांवर निर्मितिसंहितेची बंधनं होती, तुकडे दाखवणं शक्यच नव्हतं. म्हणून ते काम स्टेलाच्या तोंडावर सोपवलं. ती जेफच्या नाश्त्याच्या वेळी थॉरवॉल्डने कुठे काय कापलं असेल याची चर्चा करते, त्याचा घास अडतो. शेवटी फुलांच्या वाफ्यातून काढलेला भाग टोपीच्या पेटीत आहे असं कळतं आणि बघायचंय का असं तिला विचारतात. तिच्या उत्तरातला विनोद इंग्रजीतच मजा देतो, म्हणून सोडून देते. दाखवलेलं प्रेत विसरता येतं. त्या पेटीला मात्र मी अजून मनातल्या मनात झाकण लावतेय.

८ ऑगस्ट

बॉम्बचा खरा प्रसंग हा. तीनदा पाहिला, हिशेबाचा रकाना दर काही सेकंदांनी बदलतो.

थॉरवॉल्डला खोट्या फोनने बाहेर काढलंय. लिसा आणि स्टेला वाफा खणतात, काही मिळत नाही. लिसा न सांगता थॉरवॉल्डच्या खिडकीतून आत शिरते. जेफ खुर्चीत, मधे अंगण, ओरडून उपयोग नाही. खालच्या मजल्यावर एकाकी बाई झोपेच्या गोळ्या घेऊन बसली आहे. स्टेला परत येते, तिचं लक्ष त्या बाईकडे जातं. जेफ पोलिसांना फोन लावतो, तिच्यासाठी. तेवढ्यात वरून संगीतकाराची चाल ऐकू येते, आता पूर्ण. बाई थांबते, ऐकत राहते. वाचली. आणि त्याच वेळी थॉरवॉल्ड मजल्यावर परत आलेला असतो.

दोन खिडक्या, एकावर एक, एकाच चौकटीत. एकीकडे बघावं तर दुसरीकडचं चुकतं. लिसावर पहारा ठेवायचं काम होतं जेफचं आणि स्टेलाचं, आणि आपलंही. आपणही त्या गोळ्यांकडेच बघत होतो. एकीसाठी लावलेला फोन दुसरीच्या कामी येतो, जेफ पोलिसांना मारहाणीची वर्दी देतो.

आता वही:
प्रेक्षक आणि जेफ यांना सगळं ठाऊक. लिसाला काही नाही, मग सगळं. थॉरवॉल्डला घरात कोणीतरी आहे एवढंच.

दिवा जातो, अंधारातून लिसाची हाक येते. ती हाक अंगणाच्या अंतरावरूनच येते, मोठी करून ऐकवलेली नाही. जोडीदाराने याच जागी टॉवेल काढला होता म्हणे.

पोलीस येतात. लिसा पाठीमागे हात धरून बोटातली अंगठी जेफला दाखवते, म्हणजे थॉरवॉल्डच्या बायकोची लग्नाची अंगठी. पुरावा मिळाला. शिवाय लग्नासाठी मागे लागलेल्या मुलीच्या बोटात अंगठी आली. दोन्ही निरोप एकाच बोटावर. त्रुफोने हे टिपलंय, मला आपोआप दिसलं असतं असं म्हणवत नाही.

थॉरवॉल्ड तिच्या बोटांकडे बघतो. मग मान वर करतो आणि थेट आपल्याकडे बघतो.

दीड तासापेक्षा जास्त वेळ आपण बिनधास्त बघत होतो. आपल्याला कोणी बघत नाही हा अंधारात बसलेल्या प्रेक्षकाचा हक्कच. तो एका नजरेत काढून घेतला. तंत्राच्या भाषेत हे काय आहे? लांब भिंगातून घेतलेला, न हललेला एक शॉट. वाणसामानाच्या यादीत अर्धी ओळसुद्धा नाही. हिशेबात मात्र इथे चौथा उपरकाना पहिल्यांदा पुरता भरतो: थॉरवॉल्डला ठाऊक झालं. यापुढे जेफकडे जास्तीचं काही शिल्लक नाही.

१० ऑगस्ट

कुत्र्याचा प्रसंग राहून गेला होता, क्रमाने तो आधीचा. डॉइल समजूत घालून जातो, लिसा पडदे खाली सोडते, खेळ संपला. किंकाळी. वाफा उकरणारं कुत्रं गळा आवळून मारलंय. मालकीण बाल्कनीतून शेजाऱ्यांना शेजारी म्हणजे काय ते विचारते. सगळे खिडक्यांशी येतात आणि इथे कॅमेरा जेफची खोली सोडतो. अंगणात उतरून जवळून चेहरे दाखवतो, जेफच्या जागेवरून दिसूच शकणार नाहीत असे. मग परत. एकच खिडकी काळी, तिच्यात सिगारेटचा ठिपका लाल होतो आणि विझतो.

१८ जुलैला डॉइलच्या बाजूला गेलेले आपण त्या ठिपक्याने परत आलो. पुरावा काहीच नाही, फक्त एक माणूस खिडकीशी आला नाही एवढंच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे नुसता निखारा पुरला.

१४ ऑगस्ट

शेवटची झटापट. फोन वाजतो, जेफ डॉइल समजून बोलून टाकतो, पलीकडून उत्तर नाही. जिन्यावर पावलं. दाराखालची उजेडाची रेघ विझते. हे सगळं संकेतांच्या पुस्तकातलं आणि तरी दरवेळी पोटात गोळा येतो.

जेफचं हत्यार फ्लॅशचा बल्ब. तो डोळे झाकतो, बल्ब पेटवतो. आणि आता पडद्यावर थॉरवॉल्डची नजर: नारिंगी-लाल झळाळी, दिसेनासं झालेलं जग. चित्रपटात पहिल्यांदा खुन्याच्या डोळ्यांतून बघायला मिळतं आणि त्या डोळ्यांना दिसत नाही. इतका वेळ बघण्यावर जगलेला माणूस दुसऱ्याला आंधळं करून वाचू पाहतो. थॉरवॉल्ड येऊन विचारतो ते एवढंच की तुला माझ्याकडून हवंय काय. जेफकडे उत्तर नसतं. माझ्याकडेही नव्हतं. मी तर दीड महिना त्याच्या घरात बघतेय.

१७ ऑगस्ट

सादरीकरण परवा. तक्ता स्वच्छ लिहून काढत होते, शेवटची ओळ भरायची राहिली होती.

शेवट: तोच पियानोवरचा सूर, आता तबकडीवर. तीच अंगणाला फेरी. पारा सत्तरवर उतरलाय. एकाकी बाई संगीतकाराच्या खोलीत आहे, थॉरवॉल्डचं घर रंगवतायत, कुत्र्याच्या जोडप्याकडे नवं पिल्लू. कॅमेरा परत खोलीत: जेफ झोपलेला, आता दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. लिसा हिमालयावरचं पुस्तक वाचतेय, त्याचा डोळा लागलाय बघून ते ठेवते आणि फॅशनचं मासिक उचलते. बांबूचे पडदे खाली येतात.

'नजर' या रकान्यात काय लिहायचं? जेफ नक्कीच नाही. तो झोपलाय. पावसाच्या पहाटेही झोपलेला होता. लिसा पहिल्यांदा येते, तिची सावली त्याच्या चेहऱ्यावर पडते, तेव्हाही त्याचा डोळा लागलेला होता.

मग मागे गेले. ओळ १. मांजर, अंगणाची फेरी, कपाळावरचा घाम. घाम दिसतोय म्हणजे आपण त्याच्याकडे बघतोय. डोळे मिटलेले. सुरुवातीलाच तो झोपलाय, आणि मी पाच आठवड्यांपूर्वी तिथे 'जेफ' लिहून कंसात 'खिडकी त्याची' असं कारणही दिलंय. पहिल्याच मिनिटाला चित्रपटाने मला दाखवलं होतं की हा माणूस झोपला की मी माझं बघतो.

जोडीदाराला फोन केला. तो म्हणाला, "आता परवावर आलंय, राहू दे ती ओळ."

खोडली. वर लिहिलं: कॅमेरा, एकटा. 'ठाऊक'खालचं 'सगळ्यांना सारखंच' हेही खोडायला लागलं. आता पुढच्या सगळ्या ओळी त्याच्याशी ताडून बघायच्यात, आणि हातात एक दिवस आहे.